मामलेदारणीचा खटला

कासम,

तुझी बातमी आली तेव्हा मी शेताच्या बांधावर डुकरांच्या खुरांचे ठसे बघत उभा होतो. तुझ्या वाडीतला गडी सायकल आडवी टाकून धावत आला आणि धापा टाकत सांगू लागला. दुपारी जेवलास, ‘जरा पडतो’ म्हणालास आणि उठलाच नाहीस. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही बघ. माझ्या मनात पहिलं आलं ते असं की, अरे, पण आपला वाद अर्धा राहिला की! मग मी मटकन खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. गडी इतका घाबरला की फवारणीच्या पंपाशेजारी होती तीच बाटली त्याने माझ्या तोंडाला लावली. तिच्यात पाणीच होतं हे आम्हा दोघांना नंतर कळलं.

संध्याकाळी तुला कब्रस्तानात नेलं. मीही खांदा दिला. डोक्याला बांधायला माझ्याकडे रुमाल नव्हता, तर गणपाने खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. तुला माहीतच आहे, गणपा आपल्या शिकारीत डबे बडवणाऱ्यांचा म्होरक्या, पण घरचा धंदा सुक्या मासळीचा. त्या टॉवेलाला बोंबलांचा असा काही वास होता की मौलवीसाहेबांनीसुद्धा एकदा मान वळवून बघितलं. तीन मुठी माती टाकताना मी मनात म्हटलं, कासम असता तर इथेच खो खो हसला असता आणि घरी गेल्यावर जुलेखाभाभींनी त्याची हजेरी घेतली असती.

लोक मला विचारतात, तू आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, तो कुवेतला क्रेन चालवून आलेला, तुमचं एवढं जमलं कसं? त्यांना काय सांगायचं? आपलं जमवलं ते रानडुकरांनी. माझं भातशेत डोंगराच्या पायथ्याला, त्याच्या खाली बांधाला बांध लावून तुझी नारळ-सुपारीची वाडी. जो कळप माझं भात तुडवायचा तोच खाली उतरून तुझ्या सुरणाचे गड्डे उकरायचा. मी नोकरी संपवून गावी आलो त्या वर्षी एका सकाळी आपण दोघं आपापल्या बांधावर उभं राहून एकाच कळपाला शिव्या देत होतो. तुझ्या शिव्या अरबी होत्या. मला त्या आवडल्या. तिथून सुरुवात झाली.

तुझ्याकडे वडिलांची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्याची. माझ्याकडेही होती. फरक एवढाच की तुझ्याकडे नेम होता. ‘दत्त्याच्या बारानं आजवर फकस्त कावळे उडाले,’ असं तू चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगायचास, आणि ते खोटं आहे असं मला छातीठोकपणे कधी म्हणता आलं नाही.

आठवतात ना आपले हाके? भात घरात आलं की एक सकाळ ठरवायची. गणपा आणि मंडळी डोंगराच्या त्या अंगाने डबे बडवत, ओरडत रान हाकत यायची आणि आपण या अंगाला जनावरांच्या वाटेवर दबा धरून बसायचो. डुक्कर पडलं की वाटे पडायचे. कायदे तेव्हा आपल्या गावापर्यंत पोचले नव्हते, का पोचून परत गेले होते, कोण जाणे. हाक्याला आलेल्या प्रत्येकाला एक वाटा, सगळ्या कुत्र्यांना मिळून एक, आणि एक वाटा बंदुकीचा. तो बंदुकीच्या घरी गेलाच पाहिजे. नाही गेला तर बंदूक रुसते आणि पुढच्या वेळी पेटत नाही, अशी आपल्याकडची पक्की समजूत.

आता आली का पंचाईत! गावातला सगळ्यात सरळ नेम तुझा आणि डुक्कर तुला हराम. बार काढून झाला की तू लांब जाऊन पाठ करून उभा राहायचास, नाकाला रुमाल लावून. वाट्याचं काय करायचं यावर देवळाच्या पायरीवर चार म्हातारे बसले. दोन वेळा चहा झाला. शेवटी निवाडा झाला की प्रत्येक डुकरामागे कासमच्या घरी एक जिवंत कोंबडा पोचवायचा. गावठी पाहिजे, तुरा लाल पाहिजे. तू निवाडा मान्य केलास, भाभींनीही केला, फक्त त्यातल्या एकाही कोंबड्याला त्यांनी कधी सुरी लावू दिली नाही. ‘मेहनतीचा हाय तो, कापायचा नसतो,’ म्हणायच्या. तुमच्या मोहल्ल्यात फजरच्या अजानीच्याही आधी माणसं उठायची ती आपल्या शिकारीच्या कोंबड्यांमुळे. मौलवीसाहेबांनी एकदा तुला बाजूला घेऊन विचारलं होतं, अजून किती डुकरं मारायचा विचार आहे म्हणून.

पुढे नियम आले. आता आधी परवानगी काढायची आणि मारलेलं डुक्कर वनखात्याच्या माणसांसमोर खड्ड्यात पुरायचं. कुणालाच काही नाही. तुझा कोंबडा मात्र चालूच राहिला. गणपाला ते फार लागायचं. ‘आमच्या तोंडचा घास मातीत आन् याचा कोंबडा शाबूत! ह्यो कसला कायदा?’ असं तो दर वेळी विचारायचा आणि दर वेळी कोंबडा शोधून आणायलाही तोच जायचा.

एकदाच ते काम माझ्याकडे आलं आणि मी माती खाल्ली. गावठी कोंबडा कुठे मिळेना, म्हणून मी बोर्लीच्या बाजारातून एक पांढराफटक ब्रॉयलर आणला. त्या बिचाऱ्याला धड चालता येत नव्हतं. मी तो तुझ्या अंगणात ठेवला, तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि आत निघून गेलास. पुढच्या हाक्याला मोठा नर अगदी तुझ्या समोरून गेला. तू चाप ओढलास. ठक्. त्याच्या पुढच्या खेपेलाही ठक्. तू सगळ्यांदेखत बंदूक माझ्यापुढे धरलीस. ‘दत्त्या, तुझ्या त्या सफेद कोंबड्यानं हिला रुसवली बघ.’

मी जीव तोडून सांगत होतो की काडतुसं दमट आहेत, तू ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याऐवजी न्हाणीघराच्या फळीवर ठेवतोस. ऐकतंय कोण! सगळा गाव बंदुकीच्या बाजूने. शेवटी मी आणि गणपा एसटीने पार हरिहरेश्वरापर्यंत गावं पालथी घालत गेलो आणि तिथल्या एका म्हातारीच्या हातापाया पडून लाल तुऱ्याचा कोंबडा मिळवला. परत येताना बसमध्ये कंडक्टर कोण, तर माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. त्याने मला नमस्कार केला आणि कोंबड्याचं अर्धं तिकीट फाडलं. पुढच्या हाक्याला तुझी बंदूक धडाड पेटली. गोळी डुकराला लागली नाही, माझ्या नव्या पाण्याच्या टाकीला आरपार गेली. तू टाकीतून उडणाऱ्या धारेकडे समाधानाने बघत म्हणालास, ‘रुसवा तर गेला! नेमाचं फुडं बघू.’ त्या टाकीला अजून तुझ्या हातचं सिमेंटचं ठिगळ आहे.

हे सगळं मी गेले काही दिवस एकटाच आठवून हसतोय. सुमन म्हणते, तुमचं डोकं फिरलंय. पण आपला खरा खटला याच्यापुढचाच. मामलेदारणीचा.

तिला हे नाव मी ठेवलं. अर्ध्या कानाची, पाठ करडी झालेली डुकरीण. दरसाल भात भरलं की यायची. पुढे ती, मागे रांगेत सगळा कळप. बांधावर थांबायची, नाक वर करून पीक बघायची, हळूहळू चालत कोपरा न् कोपरा तपासायची. पाहणीला मामलेदार आल्यावर गावात जे वातावरण होतं तेच तिच्या मागच्या पिल्लांमध्ये असायचं. माझं मत सोपं होतं की हिला उडवावी. दरसाल ही पिल्लं घालते, म्हणून कळप वाढतो. तरणे नर टिपत बसायचं आणि हिला सोडायचं म्हणजे वाडीत गवताचे शेंडे खुरपून मूळ तसंच ठेवण्यासारखं.

तू स्वतः तिच्यावर नळी रोखायचा नाहीस आणि मलाही रोखू द्यायचा नाहीस. ‘जी फुडं चालते तिला हात लावायचा न्हाय,’ तुझा पाठच ठरलेला. ‘ती हाय तवर कळप एका वाटंनं येतो न् एका वाटंनं जातो. तिला मारलीस का पोरं फुटतील. कुठल्या बी बांधावरनं शिरतील. मग कुठं कुठं राखण करशील? तुला एक बांध सांभाळत न्हाय.’

‘आणि दरसाल वाढतात त्याचं काय?’

‘तरणे नर मार ना! मी मारतो का न्हाय? तू पन मार. लागलं तर.’

हा ‘लागलं तर’ तू कधी विसरला नाहीस.

डोंगरापलीकडच्या गावाने एका वर्षी त्यांच्या कळपातली पुढची मादी मारली. तो कळप खरंच फुटला. डुकरं शेतात, परसात, शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत, सगळीकडे. तू ती बातमी घेऊन भर उन्हात माझ्याकडे आलास, चेहरा असा उजळलेला जसा काही मुलाचा निकाल लागलाय. मी दोन दिवस तोंड लपवून होतो. पण परमेश्वराला माझी दया आली. त्याच महिन्यात मामलेदारीण तुझ्या वाडीत उतरली, सुरणाचा एक गड्डा ठेवला नाही, केळी आडव्या केल्या आणि विहिरीजवळच्या चिखलात लोळून गेली. मी मुद्दाम विचारपूस करायला आलो. ‘वाट एकच होती ना रे?’ तू केळीचं पान उचलत म्हणालास, ‘पाव्हनी आली व्हती.’ आतून भाभींच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तूही हसलास.

एक मात्र तुझं मला पहिल्यापासून पटलेलं होतं, ते भेकरांना, त्या छोट्या हरणांना, हात न लावण्याचं. एकदा हाक्यात डुकरांच्या आधी भेकर बाहेर आलं आणि आपल्या समोर थांबलं. कान हलवत उभं, पाय काड्यांसारखे. मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी पाहुण्याने बंदूक उचललीही होती, आणि तुला खोकल्याची अशी जबरदस्त उबळ आली की भेकर एका उडीत पसार झालं. त्याच्यामागून येणारी सगळी डुकरंही परत फिरली. सगळी सकाळ फुकट गेली. गणपाने तर हातातला डबा जमिनीवर आपटला. तू शांतपणे पाणी प्यालास. ‘घशात धूळ ग्येली.’ त्या पाहुण्याला कुणी परत बोलावलं नाही, आणि तू कायद्याचा एक शब्दही न बोलता तो पाळलास.

वादळ झालं त्या वर्षाचं मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. तुझी वाडी एका दिवसात झोपली. वडिलांनी लावलेल्या पोफळी आडव्या पडलेल्या, नारळाचे शेंडे मोडून विहिरीत. त्या सकाळी तू स्वतःच्या घराचं छप्पर उघडं टाकून आधी माझ्याकडे शिडी घेऊन आलास, कारण सुमन आजारी होती आणि आमची कौलं उडाली होती. दिवसभर माझ्या घरावर बसून होतास. चार शब्द आभाराचे बोलावेत तर मी तुला म्हणालो, कौलं उलटी लावू नकोस. तू म्हणालास, तुझ्या डोक्यापेक्षा सुलटीच हायत. कासम, त्या दिवशी तू आला नसतास तर माझा धीर सुटला असता. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस, म्हणून राहून गेलं.

नंतर पडलेल्या वाडीत झुडपं माजली आणि डुकरं दिवसाढवळ्या तिथेच झोपू लागली. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. तू एका आडव्या खोडावर बसलास, डोंगराकडे बघितलंस. तिथेही झाडं पडून नुसता राडा झाला होता. ‘त्यांचं पन रान पडलंय, दत्त्या. जातील कुठं?’ तू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक साफ करून दोन तरणे नर टिपलेस, आणि गणपा कोंबडे शोधायला निघाला. तू होतास हा असा. तुला दया यायची आणि नेमही चुकायचा नाही.

आता त्या शेवटच्या संध्याकाळचं.

यंदा परवानगी माझ्या नावावर आली, कारण सगळ्यात जास्त खाल्लं गेलं ते माझं शेत. गणपाच्या भाताचाही अर्धा तुकडा साफ झाला. गावाचं म्हणणं एकच, यंदा मामलेदारीण गेली पाहिजे. तू बांधावर आलास तेव्हा मी तयारीत होतो. मी तुला म्हटलं, ‘बघ कासम, यंदा तिच्या मागून तिची मुलगी चालते. तीही बांधावर थांबते, तीही नाक वर करते. परवा तर म्हातारी मागे राहिली आणि पोरगीच कळपाला घेऊन पुढे आली. म्हणजे म्हातारी गेली तरी वाट माहीत असलेली दुसरी आहेच. मग कळप फुटेल कसा?’

तू दाढी खाजवलीस. डोंगराकडे बघितलंस, माझ्या भाताकडे बघितलंस, एक लोंबी हातात घेऊन दाणा दाबून बघितलास. मग म्हणालास, ‘ह्याचा जवाब हाय माझ्याकडं. उद्या सांगतो.’ आणि चपला झटकून घरी गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बँकेच्या कामाने श्रीवर्धनला जावं लागलं. परत आलो, बांधावर गेलो, खुरांचे ठसे बघत उभा राहिलो, आणि तुझा गडी सायकल टाकून धावत आला.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. काय उत्तर होतं तुझ्याकडे? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी तुझ्या बाजूने विचार करायचो. कधी वाटायचं, मुलगी लहान आहे, तिला उन्हाळ्यातलं पाणी माहीत नसेल, असं काहीतरी म्हणणार असशील. मग मीच ते खोडून काढायचो. इकडे भात पिवळं पडत चाललं होतं आणि कळप रोज येत होता. परवानगीची मुदत संपत आली. गणपा रोज विचारायचा, ‘दत्ताभाऊ, कवा बसायचं?’ सुमन तर सरळच बोलली. ‘भावजी अडवायचे म्हणून इतकी वर्षं थांबलात. आता कोण अडवतंय?’ बोलून गेली आणि तिचं तिलाच भरून आलं. उगीच भांडी घासायला बाहेर निघून गेली.

शेवटी मी तुझ्या घरी आलो. भाभी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे परपुरुषासमोर न येण्याच्या दिवसांत, त्यामुळे सुमन पडद्याच्या आत आणि मी बाहेर पडवीत, तुझ्या खुर्चीवर. मी पडद्याला विचारलं, ‘भाभी, तो मला काहीतरी सांगणार होता. डुकरिणीबद्दल. तुमच्याशी काही बोलला होता का?’

मला वाटलं, नको ते विचारलं आपण. आणि मग भाभी हसल्या.

‘दत्ताभाऊ, काय जवाब बिवाब नव्हता वो त्यांच्याकडं. त्या रात्री जेवताना सोताच म्हणाले, दत्त्यानं आज मला पकडला. हरायला लागले का उद्यावर ढकलायचे ते. माझ्याशी जनम तसाच काढला. लग्नाच्या साली मी विचारलेलं, कुवेतवरनं कायमचे कवा येनार? उद्या सांगतो बोलले. दोन पोरं झाली तरी सांगितलं न्हाय!’

सुमन हसली, मीही हसलो. आपली ती पडवी तू असल्यासारखी गजबजली. मग पडद्याआडचं हसणं थांबलं. निघताना भाभी एवढंच म्हणाल्या, ‘डुकरिणीचं तुमचं तुमी बघा. ते काय सांगून ग्येले न्हायत.’

म्हणजे मी जिंकलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तू स्वतः कबूल केलेलं, भाभींच्या साक्षीने. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी छाती काढून चालत होतो. घरी गेलो आणि गणपाला निरोप धाडला, उद्या उजाडता बसायचं.

उजाडताना मी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर होतो. तुझी बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे, तुझा मुलगा कुवेतहून आला की तिचं काय ते ठरेल. माझीच घेऊन बसलो होतो. गणपा आणि बाकीची मंडळी खालच्या बांधाआड. दव इतकं होतं की भात वाकलेलं. आणि ती आली. थकलीय रे आता. मागचा एक पाय ओढते. तिच्यामागे ती मुलगी, मग पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक. म्हातारी बांधावर थांबली, अगदी माळ्याच्या खाली. वारा तिच्याकडून माझ्याकडे होता, तिला माझी चाहूलही नव्हती. एवढ्या जवळून माझाही नेम चुकला नसता. मी नळी टेकवली, चापावर बोट ठेवलं.

आणि बार आभाळात काढला.

कळप वळला. म्हातारी पुढे झाली, पोरगी सगळ्यांच्या मागे राहिली, आणि मधे पिल्लांची रांग, असे एका वाटेने डोंगरात गेले. गणपा चिखल तुडवत धावत आला. ‘लागली काय?’ मी म्हटलं, ‘चुकली.’ कुणाला क्षणभरही शंका आली नाही. दिवसभर टपरीवर माझीच चर्चा. ‘हाताच्या अंतरावरनं चुकवली! कासमचाचानं डोळं झाकून पाडली आसती.’ मी सगळ्यांना चहा पाजला. दुपारी वाढताना सुमनने विचारलं, ‘इतक्या जवळून?’ मी म्हटलं, वारा होता. तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि आणखी भात वाढला. दोन दिवसांनी मुदत संपली. डोंगराकडचा कोपरा त्यांनी खाल्ला, उरलेलं भात आज कापून झालं.

गावाला जे सांगितलं ते सांगितलं, तुला खरं सांगतो. तुझं म्हणणं मला पटलं असं समजून तिथे खूश होऊन बसू नकोस. मला तिची दयाही आली नाही, माझ्या भातावर पोसलेली आहे ती. मी आजही म्हणतो, ती जायला हवी होती, आणि याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. पण चापावर बोट ठेवलं तेव्हा लक्षात आलं, कासम, की हिला पाडली की आपलं भांडण मिटलं. आणि ते मिटल्यावर तुझ्याशी बोलायला मी दुसरं काय काढू?